साबण कुणाच्या हातचा

संपादकांचा फोन आला, "मंदाताई, शेळीच्या दुधाच्या धंद्यावर लिहा. छान यशोगाथा होईल." मी म्हटलं, लिहिते, पण यशोगाथा मागू नका. तसल्या दोन आधीच छापून आल्यात. दोन्हींत माझाच फोटो. साबणाची वडी हातात धरून दात काढतेय आणि शेजारी काळी शेळी. नीट बघितलं तर कडेला शेळीची दोरी धरलेला एक हात दिसतो, कोपरापर्यंतच. त्यात काचेच्या दोन बांगड्या. बाकीची बाई फोटोग्राफरनं कापून टाकली. तो हात गयाबाईचा. आज तिच्याबद्दलच लिहायचंय, आणि लिहिताना तिची इतकी आठवण येतेय की मधेच चहा ठेवायला उठावं लागलं.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, राजूर-केदारखेड्याच्या पट्ट्यातलं. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. घरी थोडी शेती, मागं एक पत्र्याचं शेड, त्यात कापूस आणि पाइप पडलेले. बचत गटाच्या बायकांसाठी भोकरदनला तीन दिवसांचं शिबिर निघालं, शेळीच्या दुधापासून साबण आणि पनीर करायचं. खरं सांगते, मी गेले ती जेवण चांगलं असतं आणि पिशवी फुकट मिळते म्हणून. शिबिरवाल्यांनी सांगितलं, येताना शेळी पाळणारी एखादी बाई बरोबर आणा. आमच्या घरात शेळी कुणी बांधलेली नव्हती. आमच्याकडं गाय, म्हैस. शेळ्या बौद्ध वस्तीतल्या गयाबाईकडं, लहानमोठ्या धरून अकरा. आमच्याच बांधावर चरायच्या आणि मीच तिला ओरडायची. तिला म्हटलं, "चलतीस का गं?" ती म्हणाली, "जेवायला देतेत का?" म्हटलं, देतात. म्हणाली, "मंग चला की."

ती माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. तरी ती मला अहो-जाहो करायची आणि मी तिला एकेरी हाक मारायची. त्यात काही चुकतंय हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

शिबिरात मी वहीत सगळं उतरवून घेतलं. गयाबाईला लिहिता येत नव्हतं, ती नुसती बघत बसली. घरी येऊन पहिला घाणा मी माझ्या वहीप्रमाणं केला. बाहेरच्या वाचकांना सांगते, साबणाला लागतं तेल, कास्टिक सोडा आणि पाण्याच्या जागी दूध. कास्टिक दुधात पडलं की दूध तापतं. म्हणून दूध आधी फ्रीजरमध्ये बर्फासारखं गोठवायचं आणि त्यावर कास्टिक थोडं थोडं सोडायचं, उघड्या हवेत, हातमोजे घालून. मी दूध गोठवलंच नाही. वहीत ते पान चिकटलं होतं. दूध चहाच्या रंगाचं झालं, मग काळपट, आणि असा भपका सुटला की शेजारच्या काकू नाकाला पदर लावून बघायला आल्या. गयाबाईनं काठीनं ते ढवळलं आणि म्हणाली, "ताई, याच्यानं म्हैस धुवा. तीबी पळून जाईल."

दुसरा घाणा तिनं केला. वही न बघता. तेल आणि दूध एकत्र घोटताना ते हळूहळू दाटतं, आणि नेमकं कधी साच्यात ओतायचं यातच सगळं कसब आहे. लवकर ओतलं तर वडी बसत नाही, उशीर झाला तर ढेकळं होतात. शिबिरात त्याला घड्याळ लावून शिकवलं होतं. गयाबाई पळी उचलायची, वरून एक थेंब सोडायची आणि तो थेंब वर किती वेळ दिसतो ते बघायची. पिठलं करणारी बाई जशी बघते तसं. "आता," म्हणायची, आणि ते आताच असायचं. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि पाच-सहा आठवडे मांडणीवर वाळवायच्या. आमच्या साबणाला कधी भेग पडली नाही. आमच्या म्हणते मी. वेष्टनावर मात्र 'मंदाताईंचा शेळीच्या दुधाचा साबण' असं होतं, कारण छापखान्यात मी गेल्ते.

अकरा वर्षं आम्ही त्या शेडमध्ये बसलो. सकाळी ती दूध घेऊन मागच्या दारानं यायची. किटलीचं झाकण काढून आधी वास घ्यायची आणि सांगायची, "काळीनं आज बाभळीच्या शेंगा खाल्ल्या. हे दूध पनीरला घ्या, साबणाला ते." मला दोन्हींचा वास सारखाच. मी तिची टर उडवायची, "काय नाक आहे गं तुझं, पोलिसांत पाठवायला पाहिजे तुला." ती म्हणायची, "पोलिसाला काय दूध काढता येतंय?" मग चहा. तिचा चहाचा ग्लास शेडच्या खिडकीत असायचा. तो मी मुद्दाम वेगळा ठेवला नव्हता. तो आपोआप वेगळा राह्यला, आणि मी तो राहू दिला.

पनीरचा एक किस्सा सांगितलाच पाहिजे. पनीर करायचं म्हणजे दूध नासवायचं. गयाबाईला ते बघवायचं नाही. "चांगल्या दुधात आपल्या हातानं लिंबू पिळायचं? पाप हाय ताई. शेळी आटंल." शेवटी असं ठरलं की लिंबू मी पिळायचं आणि तेवढा वेळ तिनं भिंतीकडं तोंड करून बसायचं. झालं की मी म्हणायची, "वळ आता." मग फडक्यात बांधून दाबणं तिचंच. अकरा वर्षं ती भिंतीकडं तोंड करून बसली, आणि रोज विचारायची, "झालं का पाप?"

एकदा जालना रस्त्यावरच्या एका ढाब्याची मोठी ऑर्डर आली. मी हवेत होते. त्याच आठवड्यात मी एक बोकड विकत घेतला होता, उंच, कान लोंबते, आल्या-गेल्याला दाखवायला एकदम झकास. तो बांधला शेडच्या दाराशी, जिथं दूध काढायचं तिथंच. गयाबाई म्हणाली, "ताई, बोकड हितं नको. दूर बांधा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला." मी म्हटलं, "शिबिरात वही मी लिहिली का तू?" पनीर ढाब्यावर गेलं आणि संध्याकाळी परत आलं. मालक स्वतः मोटारसायकलवर घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, गिऱ्हाईक विचारून राह्यलं, भाजी पनीरची हाय का बोकडाची?" माजावर आलेल्या बोकडाच्या अंगाचा दर्प दुधात उतरतो, ही गोष्ट शेळी पाळणाऱ्या घरातल्या सहा वर्षांच्या पोरीलाही माहीत असते. गयाबाई "मी म्हणाले होते" असं बोलली नाही. बोकडाची दोरी सोडली आणि त्याला लांब लिंबाखाली नेऊन बांधलं. ती ऑर्डर पुन्हा कधी आली नाही.

गिऱ्हाइकं काय एकेक यायची! डेंग्यूची साथ आली की पहाटेपासून दारात गाड्या. पेशी कमी झाल्या की शेळीचं दूध द्यायचं, असं सगळीकडं पसरलेलं. मी प्रत्येकाला सांगायची, बाबा, दवाखान्याचं औषध चालूच ठेवा, दुधाच्या भरवशावर राहू नका. त्या दिवसांत कुणी वाटेल तो भाव द्यायला तयार असायचं. गयाबाईचा कायदा वेगळा. आजारी माणसासाठी नेलेल्या दुधाचा पैसा ती घ्यायची नाही, आणि मलाही घेऊ द्यायची नाही. मी चिडायची. म्हणायची, "अगं, धंदा आहे हा." ती म्हणायची, "साबणाचा धंदा हाय. दुखण्याचा न्हाई."

एकदा एक आई मुलीला घेऊन आली. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर. आईनं विचारलं, "या साबणानं गोरी होईल का हो लग्नापर्यंत?" पोरगी खाली मान घालून उभी. मी विकणारी बाई, माझ्या तोंडावर आलंच होतं की उजळपणा येतो थोडा. तेवढ्यात गयाबाई आतून बोलली, "माय, आमची शेळी काळीभोर हाय. जन्मापासून तिच्या आंगात दूध हाय, ती गोरी झाली का? पोरगी देखणी हाय तुमची. साबण फेसाला घ्या." पोरगी इतकी हसली! आईनं चार वड्या घेतल्या, आणि लग्नाची पत्रिका दिली. पत्रिकेवर नाव माझं घातलं होतं. गयाबाईचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता ते सांगते, ज्यासाठी लिहायला बसले.

राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. देवळाच्या रस्त्यावर आम्ही टेबल लावायचो. मी पुढं, बोलायला. गयाबाई मागं गोणपाटावर बसून वड्या कागदात गुंडाळायची. त्या दिवशी जालन्याची एक बाई आली, गाडीतून उतरलेली, बोलायला गोड. वडी हुंगली, कौतुक केलं आणि हळूच विचारलं, "करतं कोण हो हे? म्हणजे, आपल्यातलेच आहेत ना? दुधाची वस्तू आहे म्हणून विचारते." आपल्यातले म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बोलताना तिची नजर मागं गयाबाईकडं गेली.

आणि मी म्हणाले, "छे हो, सगळं माझ्या हातचं. माझ्या घरात होतं. ही नुसत्या शेळ्या राखते."

एका क्षणात म्हणाले. आधी ठरवलं असतं तर कदाचित बोलले नसते. पण न ठरवता जे तोंडातून येतं तेच आतलं असतं, हे मला नंतर कळलं, फार उशिरा. बाईनं सहा वड्या घेतल्या. त्या सहाही वड्या गयाबाईनं गुंडाळून माझ्या हातात दिल्या. दिवसभर तिनं काम केलं. संध्याकाळी टेबल उचललं, खोकी बांधली, टेम्पोत माझ्याशेजारी बसून गावात आली. बोलली नेहमीसारखीच, कमी बोलली एवढंच. मला वाटलं तिनं ऐकलंच नसेल. गर्दी होती, भोंगे होते. माणसाला जे बरं असतं ते वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध घेऊन आली. किटली उंबऱ्याबाहेर ठेवली आणि वळली. मी म्हटलं, "अगं आत ये, घाणा लावायचाय ना आज?"

"तुम्ही लावा ताई."

"म्हणजे? आणि तू?"

"मी नुसत्या शेळ्या राखते."

आवाजात राग नाही, टोमणा नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं आणि गेली.

पुढं दीड वर्ष ती रोज यायची आणि आत यायची नाही. किटली ठेवायची, रिकामी उचलायची. मी बोलले तर उत्तर द्यायची, पाऊसपाण्याचं, शेळ्यांचं. एखादं माणूस गाव सोडून गेलं तर निदान सवय होते. हे माणूस रोज सकाळी सात वाजता दारात येऊन उभं राहायचं, आणि तरी नसायचं. मी मुद्दाम दोन कप चहा टाकायची. एक प्यायची, एक ओतून द्यायची. भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मीही दोन दिल्या असत्या आणि मोकळ्या झालो असतो. मी भांडायला पक्की आहे, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण तिनं भांडणाला जागाच ठेवली नाही.

साबण बिघडत गेला. वडीवर पांढरी भुकटी यायला लागली, कधी भेग, कधी नुसताच मऊ लगदा. गटातल्या दोन बायका आणून बसवल्या. त्या चांगल्या होत्या, घड्याळ लावून घोटायच्या. पण थेंब बघणारं कुणी नव्हतं. पनीरसाठी लिंबू पिळताना भिंतीकडं बघायची सवय मलाच लागली. "झालं का पाप?" विचारणारं कुणी नव्हतं. जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, "काकू, पहिल्यासारखा राह्यला न्हाई." मी म्हणायची, तेल बदललंय.

मग तिचे गुडघे गेले. मुलगा पुण्याकडं कंपनीत, तो म्हणाला, आता इकडंच ये. शेळ्या विकणार असं कळलं तेव्हा मी तिच्या घरी गेले. अकरा आणि दीड, साडेबारा वर्षांत पहिल्यांदा. चार मिनिटांची वाट आहे आमच्या घरापासून. स्वच्छ सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिनं बसायला सतरंजी टाकली आणि पाणी दिलं. मी तांब्या घटाघटा रिकामा केला. ती बघत होती. म्हणाली, "पाणी पिऊन दाखवायला आल्ता का ताई?"

मला रडू आलं. म्हटलं, "गयाबाई, चुकले मी. राजूरला बोलले ते चुकले. माफ कर."

ती बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राह्यली. मग म्हणाली, "माफी काय ताई. पर एक सांगते. बोल्लात तुम्ही बाजारात, भरल्या गर्दीत. आन् माफी मागायला आल्यात माझ्या घरात, जिथं ऐकायला शेळ्या हायेत नुसत्या."

चार शेळ्या तिनं मला विकल्या, बाकीच्या भोकरदनच्या बाजारात गेल्या. जायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेल्ते. तिनं शेळ्यांचं सांगितलं, कोणती लाथ मारते, कोणत्या शेळीला सरकीची ढेप जास्त लागते. स्वतःचं काही बोलली नाही. गाडी हलली तरी ती खिडकीतून शेळ्यांचंच सांगत होती.

मी घरी येऊन वेष्टन बदललं. नवीन छापलं, त्यावर लिहिलं: कृती गयाबाईंची. मला वाटलं झालं, छापलंय की. पण बारीक अक्षर कोण वाचतंय? आणि ते मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर बारीक छापलं होतं. चार-पाच चतुर्थ्या मी तशाच काढल्या. टेबलामागं उभी राहायची, ठरवून यायची आणि गिऱ्हाईक समोर आलं की जीभ टाळूला चिकटायची. गावातली, नात्यातली माणसं आजूबाजूला फिरत असायची. लाज वाटायची. आणि कसली वाटते हे कळलं की जास्त लाज वाटायची.

गेल्या अंगारकीला एका बाईनं विचारलं. आधीची नव्हे, दुसरी. साधाच प्रश्न, "काकू, तुमच्या हातचा का?" टेबलाभोवती सात-आठ जणी होत्या. आमच्या भावकीतली एक सूनही होती. आणि मी मोठ्यानं बोलले. माझा आवाज तसा खणखणीत आहे.

म्हटलं, "ऐका बायांनो. आज हा माझ्या हातचा आहे, म्हणून जरा भेगाळलेला आहे. अकरा वर्षं तुम्ही जो साबण नेलात, नावाजलात, तो एकही माझ्या हातचा नव्हता. तो आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या गयाबाईंच्या हातचा होता. पनीरही त्यांच्याच हातचं. मला येत नव्हतं, त्यांनी शिकवलं. मी इथंच, याच टेबलावर, खोटं बोलले होते की त्या नुसत्या शेळ्या राखतात. नुसती विकणारी मी होते."

भोंग्यावर आरती चालू होती. मग गर्दीचा धक्का लागून टेबल हललं, तशा सगळ्या पांगल्या. त्या दिवशी रात्रीपर्यंत मी आणखी तीन-चारदा तेच बोलले, दर वेळी थोडं कमी अडखळत. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तिला फोन लावला. नातीनं उचलला आणि तिला दिला.

आधी गुडघ्यांचं झालं. मग काळीचं, तिला दोन करडं झाली होती. मग मी विचारलं, "परत कधी येता गयाबाई?" अहो-जाहो तोंडातून कसं आलं, माझं मला कळलं नाही.

"आता कुठलं ताई. नातवंडांना शाळेत सोडावं लागतं, सून कामाला जाती. गेले ते दिवस."

तिचा आवाज नेहमीसारखाच, आणि नाही म्हणजे नाहीच होतं. म्हटलं, "मला करमत नाही हो तुमच्याबिगर. एकटीनं घाणा लावते आणि रडते."

मग मी सांगितलं, "काल राजूरला सगळ्यांसमोर सांगितलं मी. साबण तुमच्या हातचा होता म्हणून. मी खोटं बोलले होते म्हणून. बाजारात सांगितलं."

"वस्तीचं नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

पलीकडं कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तिनं विचारलं, "किती जणींनी साबण हातातला खाली ठेवला?"

खोटं बोलावंसं वाटलं मला, पुन्हा एकदा. तिला बरं वाटावं म्हणून, कुणीच नाही ठेवला असं सांगावंसं वाटलं.

"तिघींनी," मी म्हटलं. "आमच्या भावकीतल्या सुनेनं सगळ्यांच्या आधी."

आणि गयाबाई हसली. कितीतरी दिवसांनी ऐकलं मी तिला हसताना. हसता हसता म्हणाली, "मंग खरंच सांगितलं तुम्ही."